अंगठा उठवण्याआधी



आपल्या जिल्ह्यात श्रावण-भादव्यात फवारणी चालते. सोयाबीन निघाले की मळणी यंत्र वावरात येते आणि दिवाळीच्या आगेमागे जिनिंगचे पट्टे फिरायला लागतात. वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, आर्णी, कुठेही गेलात तरी हाच क्रम दिसतो. या तिन्ही कामांत आपला हात यंत्राजवळ असतो नाहीतर आपला श्वास विषाजवळ असतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते कामावर झालेल्या कायमच्या इजेबद्दल. ताप उतरतो, जखम भरते, पण तुटलेले बोट परत येत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. अशा इजेची भरपाई कायद्याने ठरलेली आहे. ती किती, कोणी द्यायची आणि मिळवायची कशी, हे आज समजून घेऊ. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा, कारण मधे थोडा हिशेब आहे. हे बोलणे मासिकातही छापून येईल, त्यामुळे एखादा आकडा सुटला तरी काळजी नको.

आधी कायद्याचे नाव. हा कायदा इंग्रजांच्या काळातला, १९२३ चा. पुढे त्याला ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ म्हणू लागले. आता तो ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ या मोठ्या कायद्यात घेतला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. म्हणून कुठे जुने नाव ऐकाल, कुठे नवे. आधी अर्ज ‘आयुक्तां’कडे जायचा, नव्या कायद्यात त्यांना ‘सक्षम प्राधिकारी’ म्हटले आहे. आम्ही आज सोयीसाठी आयुक्तच म्हणू. आम्ही सांगतोय त्याचा गाभा दोन्हीकडे एकच आहे: कामामुळे आणि काम करताना मजुराला इजा झाली, तर भरपाई मालकाने द्यायची.

आता पहिला प्रश्न मनात येतो: “आम्ही तर रोजंदारीवाल्या. आमचं नाव कुठल्या रजिस्टरात नाही. आम्हाला हे लागू आहे का?”

लागू आहे. आठ दिवसांचे काम असो की एका हंगामाचे, रोजंदारी आहे म्हणून हक्क जात नाही. ज्या कामांना हा कायदा लागू होतो त्यांची लांब यादी कायद्याला जोडलेली आहे. तीत विजेवर चालणारे कारखाने आहेत, म्हणजे जिनिंग आले. यंत्राने होणारी कापणी-मळणी आहे, ट्रॅक्टरचे काम आहे, इमारतीचे काम आहे. शेतात कीटकनाशकाची फवारणी करणारा मजूरही त्या यादीत स्पष्ट शब्दांत आहे. आपल्या जिल्ह्यासाठी ही ओळ फार मोलाची आहे, तिच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

“आम्हाला ठेकेदाराने आणलं, मालक आम्हाला ओळखतही नाही,” असेही होते. तरीही ज्याच्या धंद्याचे काम चालले होते तो मूळ मालक जबाबदार धरला जातो. त्याने भरपाई द्यावी आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, असे कायदा सांगतो. मळणी यंत्राचा मालक वेगळा आणि वावराचा मालक वेगळा असेल, तर अर्जात दोघांचीही नावे घाला. जबाबदारी कोणाची ते आयुक्त ठरवतील.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. काही कारखान्यांत मजुरांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे राज्य विमा योजनेची कपात होते. तशी कपात होत असेल तर भरपाई मालकाकडून न मिळता ईएसआयकडून मिळते, आणि कायमच्या इजेसाठी ती दरमहा, जन्मभर मिळते. पण जो कारखाना फक्त जिनिंग-प्रेसिंग करतो तो कायद्याने हंगामी कारखाना धरला जातो, त्याला ईएसआय लागू होत नाही. तिथल्या बाईचा दावा थेट मालकावर असतो. कारखान्याला सरकीची तेलगिरणी किंवा दुसरे काही जोडलेले असेल, तर ईएसआय आहे की नाही हे आधी विचारून घ्या.

आता हिशेब. भरपाई चार गोष्टींवर ठरते: महिन्याची मजुरी, वय, इजा किती टक्के धरायची ती टक्केवारी, आणि कायद्यातला एक ठरलेला गुणक. गुणक म्हणजे ज्या आकड्याने गुणायचे तो आकडा. वय कमी असेल तर गुणक मोठा, कारण पुढची कमाईची वर्षे जास्त गेली. ३० वर्षांच्या मजुराला गुणक २०७.९८ आहे, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४ आणि ५० ला १५३.०९.

समजा एक बाई ३५ वर्षांची आहे. जिनिंगमध्ये तिला रोज ३०० रुपये मिळतात. हंगामी कामात रोजच्या मजुरीला ३० ने गुणून महिना काढतात, म्हणजे ९,००० रुपये. काढणी पट्ट्यात हात सापडून तिचा अंगठा गेला. आता पायरी-पायरीने चला.

पहिली पायरी: ९,००० चे ६० टक्के, म्हणजे ५,४००.
दुसरी पायरी: ५,४०० गुणिले १९७.०६, म्हणजे १०,६४,१२४ रुपये. तिचे पूर्ण अपंगत्व झाले असते तर ही रक्कम झाली असती.
तिसरी पायरी: अंगठा गेल्यास कायद्याने कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरतात. १०,६४,१२४ चे ३० टक्के म्हणजे ३,१९,२३७ रुपये.

तीन लाख एकोणीस हजार. हा आकडा मुद्दाम मोठ्याने म्हणा, कारण अशा वेळी पुढ्यात येतात ते वीस-पंचवीस हजार, आणि बाईला वाटते की मालकाने मोठे मन दाखवले. दवाखान्याचा खरा खर्चही मालकाने वेगळा भरून द्यायचा असतो. तो या रकमेतून कापता येत नाही. मजुरी कितीही असो, २०२० पासून महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये धरून हा हिशेब होत आला आहे.

टक्केवारीचे काही आकडे लिहून घ्या. हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, तीन बोटे ३०, दोन बोटे २०. अख्खी तर्जनी, म्हणजे अंगठ्याजवळचे बोट, १४ टक्के. एका हाताचा पंजाच गेला तर ६०. एक डोळा काढावा लागला आणि दुसरा चांगला असेल तर ४०. डोळा जागेवर आहे पण त्याची नजर गेली, तर ३०. दोन्ही हात गेले किंवा दोन्ही डोळ्यांची नजर गेली तर १००. बोट किंवा हात जागेवर आहे पण कायमचा निकामी झाला, तरी तो गेल्यासारखाच धरतात.

या यादीच्या पुढेही एक गोष्ट आहे. ओडिशातल्या जेपूर गावात एक सुतार सिनेमागृहात काम करताना पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे होते की एकच हात गेला, म्हणजे अपंगत्व अर्धवट आहे. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाचे नुकसान १०० टक्के धरले पाहिजे. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही त्याच निकालात आले. म्हणून अर्जात नुसते “बोटं गेली” एवढेच लिहू नका. ती बोटे गेल्यामुळे कोणते काम बंद झाले ते लिहा. कापूस वेचता येत नाही, निंदणात विळा धरता येत नाही, भरलेली बादली उचलता येत नाही. दवाखान्याच्या अपंगत्व दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईची ताकद किती गेली ही टक्केवारी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता फवारणीकडे येऊ. २०१७ चा पावसाळा आपल्यापैकी कोणीच विसरलेले नाही. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, आणि ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणी करणारी माणसे एकामागून एक यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय रुग्णालयात येत राहिली. शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि जिल्ह्यातली वीसच्या आसपास माणसे गेली. कित्येकांची नजर काही दिवस गेली होती. त्यांत वावराचे मालक होते, तसेच दुसऱ्याच्या वावरात रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही होते. सरकारने मेलेल्यांच्या घरच्यांना २ लाखांची मदत जाहीर केली. पुढे चौकशी समिती बसली, आणि २०२० मध्ये पीडितांची तक्रार थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेली.

सरकारची मदत ही मदत होती. मजुराच्या घराचा कायद्याने होणारा हक्क तिच्याहून वेगळा आहे. काम करताना मजूर गेला तर महिन्याच्या मजुरीचे ५० टक्के घेऊन गुणकाने गुणतात. ४० वर्षांचा मजूर आणि त्या काळच्या कमाल मर्यादेप्रमाणे ८,००० रुपये महिना धरला, तर ४,००० गुणिले १८४.१७, म्हणजे ७,३६,६८० रुपये होतात. ज्या बाईचा नवरा दुसऱ्याच्या वावरात फवारताना जातो, तिला हा आकडा माहीत असायला पाहिजे.

आता मालकाकडून हमखास येणारे वाक्य घेऊ: “काहून घातला हात मशिनीत? चूक तुयीच हाये.”

या वाक्याने बाया गप्प होतात. पण या कायद्यात चूक कोणाची हे पहिले पाहिलेच जात नाही. कामाच्या घाईत हात पुढे गेला, पाय घसरला, दमल्यामुळे लक्ष गेले, तरी भरपाई मिळते. मालक अंग काढू शकतो तो मोजक्याच कारणांनी: मजुराने दारू किंवा नशा केलेली होती, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राची जाळी, झाकण मुद्दाम काढून टाकले. मजूर गेला असेल किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला असेल, तर ही कारणेही चालत नाहीत. आणि चालत्या यंत्राबद्दल म्हणाल, तर १९४८ च्या कारखाना कायद्याने चालत्या यंत्राचे फिरणारे भाग पुसणे किंवा त्यांना तेल घालणे हे काम बाईला लावायलाच बंदी केली होती. हात तिथे का गेला, हा प्रश्न मग काम लावणाऱ्याला विचारायचा असतो.

यानंतर येते ते सगळ्यात नाजूक वळण. बाई दवाखान्यातून घरी आलेली असते. घरात पैसा नसतो. दिवाणजी किंवा मुकादम कागद घेऊन येतो: “हे वीस हजार घे अन् इथं अंगठा मार.” कागदावर लिहिलेले असते की माझी काही तक्रार नाही, सगळे पैसे मिळाले, पुढे काही मागणार नाही.

मैत्रिणींनो, दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, कायद्याने मिळणारा हक्क सोडून देतो असा करार कायद्यात टिकत नाही. दुसरी गोष्ट खास बायांसाठी आहे. बाईला द्यायची एकरकमी भरपाई मालकाने तिच्या हातात द्यायचीच नसते, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. मजूर मेला असेल तर त्याच्या घरच्यांची रक्कमही तिथेच जमा होते. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. म्हणून कोणी म्हणाले की “आपसात मिटवू, कोर्टकचेरी कशाला,” तर शांतपणे सांगा: “मालक, पैसे जमा करायची जागा कायद्याने ठरवून दिलेली आहे, तिथे जमा करा.” आणि ज्याने आधीच असा अंगठा दिला आहे त्या घरानेही आशा सोडू नये. मुदत संपलेली नसेल तर अर्ज करता येतो.

मुदत आहे अपघातापासून दोन वर्षांची. उशिराला खरे कारण असेल तर आयुक्त तो माफ करू शकतात, पण त्यावर विसंबू नका. मालकाने एका महिन्यात पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागते, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

आता पहिल्या काही दिवसांत काय करायचे ते ऐका. बाई स्वतः दुखण्यात असते, म्हणून हे काम गटातल्या दोघी-तिघींनी वाटून घ्यायचे आहे.

दवाखान्यात पहिल्याच वेळी सांगा की इजा कामावर झाली. कुठे, कोणत्या यंत्रावर, किती वाजता, हे केसपेपरवर लिहून घ्या. “घरी पडली म्हणून सांग” असे कोणी सुचवले तर ऐकू नका. पुढे तोच कागद आडवा येतो. फवारणीची विषबाधा असेल तर औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात घेऊन जा. डॉक्टरला उपचारासाठी ते लागते आणि दाव्यातही ते कामी येते.

सोबत काम करणाऱ्या दोघींची नावे लिहून ठेवा. मजुरीचा पुरावा गोळा करा. मुकादमाच्या वहीचा फोटो, बँकेच्या पासबुकातली नोंद, फोनवर आलेले पैसे, काहीही चालेल. वयाचा दाखला शोधून ठेवा, कारण गुणक वयावर ठरतो. मालकाला अपघाताची लेखी सूचना द्या. तीत नाव, पत्ता, तारीख आणि इजा कशी झाली एवढे पुरे. एक प्रत जवळ ठेवा, पोस्टाने पाठवली तर पावती जपा. मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करतो म्हटले तर नकार देऊ नका, सोबत कोणीतरी जा.

अर्जासाठी वकिलाचा खर्च कसा करायचा, हा प्रश्न येतोच. बाईला उत्पन्न कितीही असले तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. यवतमाळला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. तिथे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. अर्ज कोणाकडे आणि कसा करायचा ते तेच सांगतील. कामाला दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यात गेला असाल आणि तिथे अपघात झाला असेल, तरी आपण राहतो तिथे अर्ज करता येतो. नव्या कायद्यात कामावर जाताना-येताना झालेल्या अपघाताचाही विचार होतो, अपघाताचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. टेम्पोत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वेचणीला जाणाऱ्या बायांनी हे लक्षात ठेवावे.

शेवटी एका अवघड गोष्टीबद्दल बोलू. जिनिंगचा मालक पैसा देऊ शकतो. पण वावराचा मालक पुष्कळदा आपल्याच गावचा, पाच एकरवाला, स्वतः कर्जात असलेला असतो. त्याची बायको आपल्याच गटात असते. त्याच्याकडून तीन लाख मागायचे कसे?

याला सोपे उत्तर आमच्याकडे नाही, पण तोड अपघाताच्या आधी काढायची असते. मजुरांसाठी मालकाने विमा उतरवायची सोय सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे असते. मग भरपाई विमा कंपनी भरते आणि शेतकऱ्याचे घरही वाचते. गावातले चार शेतकरी एकत्र येऊन याची चौकशी करू शकतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक माणूस येतो. मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास १ लाख मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. पण ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही तो मजूर त्यात येत नाही. तो बाहेर राहतो म्हणूनच त्याच्यासाठी हा भरपाईचा कायदा महत्त्वाचा आहे. शिवाय बँकेत खाते असलेल्या १८ ते ७० वयाच्या प्रत्येकीने वर्षाला २० रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा सुरू ठेवावा. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर त्यात १ लाख मिळतात, आणि त्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही.

या आठवड्याच्या गटाच्या बैठकीत एवढे करा. गटातली कोण कुठे कामाला जाते, रोज किती मिळतो, वय किती, हे एका पानावर लिहा. कोणाचा सुरक्षा विमा चालू आहे ते पासबुकात पाहा. गावात गेल्या दोन वर्षांत कोणाचे बोट, हात किंवा डोळा कामावर गेला असेल, तर त्या घरी जा आणि अपघाताची तारीख विचारा. मुदत शिल्लक असेल तर त्यांना विधी सेवा समितीकडे घेऊन जा. त्या बाईला एकटीने जावे लागू नये, एवढे आपण नक्की करू शकतो.